टोकन एकसष्ट

वहिनी, परवा दांडिया बाजारात
मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेत
तुम्ही विचारलंत,
ऋजुताला फाइन आर्ट्सला घालावं का,
तिथली मुलं म्हणे तसली असतात.
मी बोलले नाही. मागून रिक्षा हॉर्न देत होती.

एकोणीस वर्षं मी लायब्ररीच्या दाराशी
पिशव्या ठेवून घेते, पितळी टोकन देते.
मुलं माझ्यापर्यंत पट्ट्याकडून पोचतात,
चेहरा मागाहून.

तुम्ही ऐकलंत ते मीही ऐकलंय.
कॉमर्सचा पोरगा वर्ग पाहतो तो परीक्षेलाच,
एरवी बापाच्या दुकानात नाहीतर बाइकवर.
टेक्नॉलॉजीवाले सेमिस्टरमधून एकदा आंघोळ करतात.
होमसायन्सच्या पोरी स्थळ येईतो दिवस काढतात.
आणि झोळीवाले, ते तर विचारूच नका.

खोटं कशाला सांगू, पुष्कळदा तसंच असतं.
झोळीच्या आधी टर्पेंटाइनचा वास येतो,
मग बिडीचा, मग मालक.
कॉमर्सच्या सॅक मी दोन बोटांनी उचलते,
एकीत नुसतं हेल्मेट होतं.
पुण्याची माणसं समजतात
बडोद्यात मगरी रस्त्यावर फिरतात.
आपण हसतो,
आणि पुराच्या वर्षी विश्वामित्रीकाठच्या सोसायटीत
कुणाच्या तरी जिन्याखाली
निघतेच एखादी.

रात्री आठला काउंटर बंद.
उरलेली पिशवी दोघांदेखत उघडायची, असा नियम.
त्या दिवशी एकसष्ट नंबर उरली.
कच्छी भरतकामाची झोळी, निळ्या रंगाचे ओघळ,
तुमच्या मनात आहे ना, अगदी तीच.
वॉचमन रमणभाई म्हणाला, काकी, आत सिगरेट.
मी म्हटलं, नसणार. दहा रुपये लावले.

पाकीट निघालं, अर्धं.
त्याखाली कॉस्टिंगचं जाड पुस्तक, कोपरे दुमडलेले,
समासात पेन्सिलीनं गुजरातीत आकडेमोड,
आणि एक स्टीलचा डबा, धुतलेला.

सकाळी जो न्यायला आला
त्याच्या शर्टाची इस्त्री पाहून मी टोकन दोनदा तपासलं.
कॉमर्सचा, सेकंड इयर.
सॅकची चेन गेली म्हणून रूममेटची झोळी घेतलेली.
म्हणजे सिगरेटी त्याच्या, मी म्हटलं.
नाही काकी, त्या माझ्या,
कान लाल करून म्हणाला,
पुस्तक त्याचं. तो चित्रकार आहे,
सुट्टीत मामाच्या पेढीचे हिशेब लिहितो.
डबा?
डबा दोघांचा.

पैज कोण जिंकलं यावर
रमणभाईचं नि माझं अजून जमलेलं नाही.
त्याचं म्हणणं, सिगरेट ती सिगरेट.
माझं म्हणणं, तू सिगरेट म्हणालास
तेव्हा तुझ्या डोळ्यापुढे कोण होतं ते सांग.
दहा रुपये ड्रॉवरमध्येच आहेत.

आणि मुलं माझ्याबद्दल काय म्हणतात ठाऊक आहे?
मराठी काकी, पाच मिनिटं उशीर चालायचा नाही,
डब्यात रोज पोळी-भाजी, दुपारी खुर्चीत झोप.
पोळी-भाजी खरी.
झोपही खरी, अडीच ते पावणेतीन.
पण उशिराचं खोटं आहे.
मार्चमध्ये मी पावणेनऊपर्यंत दिवा ठेवते,
ते कुणी कुणाला सांगत नाही,
कारण मीच बजावलेलं असतं,
सांगाल तर बघा.

तर ऋजुताचं.
मागच्या महिन्यात ती येऊन गेली, वहिनी.
तुम्हाला क्लासला जाते म्हणाली असेल.
मला ओळखलं, आत्या म्हणाली नाही,
इतरांसारखी रांगेत उभी राहिली.
पिशवी ठेवली. जड होती,
आत काहीतरी लाकडी खडखडलं.

दोघांदेखतचा नियम उरलेल्या पिशवीसाठी.
तिची उरली नाही.
आठला दहा कमी असताना
टोकन पुढे करून घेऊन गेली,
बोटं निळी होती,
आणि तुम्ही आता विचाराल म्हणून सांगते,
मी वास घेतला नाही.